गुदगुल्यांचे हसू : खुशीचे की सक्तीचे?

घरी पाहुणे जमलेले असतात. त्यांपैकी एखादे काका किंवा मामा घरातल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला जवळ ओढतात आणि त्याच्या काखेत, कुशीत, बरगड्यांवर बोटे चालवू लागतात. मूल अंग चोरते, हातपाय झाडते, ‘नको, नको’ म्हणते आणि त्याच वेळी खदखदा हसते. हसता हसता त्याला धाप लागते, डोळ्यांत पाणी येते. भोवतालची मंडळी कौतुकाने म्हणतात, “पाहा, स्वारी कशी खुशीत आहे!” विद्यार्थी मित्रांनो, हा प्रसंग तुम्ही पाहिलेला आहे. लहानपणी कदाचित त्या मुलाच्या जागी तुम्हीच होतात.

मला आक्षेप घ्यायचा आहे तो त्या शेवटच्या वाक्याला. मूल हसत आहे, हे झाले निरीक्षण. मूल खुशीत आहे, हे झाले अनुमान. विज्ञानाच्या वहीत तुम्ही या दोन गोष्टी वेगळ्या रकान्यांत लिहिता. निळा लिटमस तांबडा झाला, हे निरीक्षण. द्रावण आम्लधर्मी आहे, हे अनुमान. तिथे ते अनुमान चालते, कारण आम्लात निळा लिटमस तांबडा होतो हे आधी असंख्य वेळा पडताळून पाहिलेले आहे. ‘हसू आले म्हणजे आवडले’ हे गुदगुल्यांच्या बाबतीत कोणी पडताळले आहे काय? पडताळायला सुरुवात झाली आहे. जे हाती आले ते काकांच्या बाजूचे पूर्णपणे नाही, आणि पूर्णपणे त्यांच्या विरुद्धही नाही.

आधी शब्दांचा एक घोटाळा दूर करू. मराठीत आपण ‘गुदगुल्या’ या एकाच शब्दाने दोन निरनिराळ्या संवेदना सांगतो. स्टॅन्ली हॉल आणि आर्थर ॲलिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत १८९७ मध्ये या दोहोंना ग्रीक भाषेवरून वेगळी नावे दिली: निस्मेसिस आणि गार्गालेसिस. नावे जिभेला जड आहेत. आपण त्यांना ‘हलक्या गुदगुल्या’ आणि ‘दाबाच्या गुदगुल्या’ म्हणू. मानेवर मुंगी चढली, गालावरून पीस फिरले, की होतात त्या हलक्या. त्यांनी शहारा येतो, खाजवावेसे वाटते, हात आपोआप तिकडे जातो. हसू सहसा येत नाही. गाईच्या पाठीवर माशी बसली की ती तेवढेच कातडे थरथरवते. तिचे आणि आपले काम एकच, अंगावरचा किडा झटकणे. दाबाच्या गुदगुल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना काख, बरगड्या, तळपाय अशा ठरावीक जागा लागतात, बोटांचा थोडा जोर लागतो, आणि बहुधा दुसरा माणूस लागतो. खो खो हसू येते ते यांनी. मुंगी चढली म्हणून कोणी गडबडा लोळून हसल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

प्रश्न पोरकट वाटतो, पण थोरामोठ्यांनी त्यात डोके घातले आहे. ॲरिस्टॉटलने सांगून टाकले होते, की माणसालाच गुदगुल्या होण्याची कारणे दोन: त्याची त्वचा नाजूक असते, आणि सर्व प्राण्यांत हसणारा तो एकटाच असतो. यातले दुसरे कारण पुढे कसे निकालात निघाले ते पाहूच. १८७२ मध्ये चार्ल्स डार्विनने माणसे आणि प्राणी आपल्या भावना कशा प्रकट करतात यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात गुदगुल्यांवर थोडीच वाक्ये आहेत, पण ती अस्सल डार्विनची आहेत. सात दिवसांच्या आपल्या बाळाच्या तळपायाला त्याने कागदाचा कपटा लावून पाहिला, तेव्हा बाळाने पाय झटकन मागे घेतला. पुढे तो म्हणतो, की ज्या जागांना एरवी कोणाचा स्पर्श होत नाही, किंवा तळपायासारखा केवळ सपाट व रुंद पृष्ठभागाचा स्पर्श होतो, त्या जागी गुदगुल्या अधिक होतात. आणि लगेच स्वतःच कबूल करतो, की आपण ज्या भागावर बसतो तो मात्र या नियमाला ठळक अपवाद आहे! सिद्धान्त मांडणाऱ्याने अपवादही स्वतःच सांगावा, आणि तो असा हसवणारा असला तरी सांगावा, हे मला फार आवडते.

डार्विनचे दुसरे म्हणणे आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. गुदगुल्यांनी हसू यायला मन प्रसन्न असावे लागते, असे तो म्हणतो. परक्या माणसाने गुदगुल्या केल्या तर लहान मूल हसणार नाही, भीतीने किंचाळेल. विनोदाने येणारे हसू आणि गुदगुल्यांचे हसू यांत त्याला साम्य दिसले: विनोद म्हणजे मनाला होणाऱ्या गुदगुल्या. आपण मराठीतही तसेच म्हणतो. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, एव्हाल्ड हेकर या जर्मन वैद्याने हीच कल्पना मांडली.

हे साम्य खरे असेल, तर एक गोष्ट घडायला हवी. चांगले विनोदी नाटक पाहताना पहिले चार विनोद झाले की पाचव्याला आपण अधिक सहज हसतो. हसण्याची गाडी एकदा सुरू झाली की पळू लागते. मग विनोदाने सैल झालेल्या माणसाला गुदगुल्याही अधिक व्हायला हव्यात. क्रिस्टीन हॅरिस आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत हे करून पाहिले व १८७३ नंतर सव्वाशे वर्षांनी, १९९७ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध केला. आधी विनोदी चित्रफीत दाखवल्याने गुदगुल्यांचे हसू वाढले नाही. आधी गुदगुल्या केल्याने विनोदाचे हसूही वाढले नाही. म्हणजे दोन्ही हसू कानाला सारखी वाटली, तरी एक दुसऱ्याला पेटवत नाही. बाहेरून एकसारखी दिसणारी दोन पाने वेगळ्या झाडांची असू शकतात, तसेच हे.

मग हे दुसरे झाड कोणते? गरम तव्याला बोट लागताच हात मागे येतो, तशी ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे का? की हसऱ्या माणसांच्या संगतीत मूल ते शिकते? क्लॅरन्स ल्यूबा नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे आपल्या घरातच तपासायचे ठरवले. बाळाला गुदगुल्या करताना घरात कोणीही हसायचे नाही, असा नियम त्याने केला. स्वतः गुदगुल्या करायच्या त्या ठरलेल्या वेळी आणि चेहऱ्यावर मुखवटा चढवून, म्हणजे बाळाला बापाचे हसू दिसायला नको. बिचाऱ्या आईची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करा! एकदा आंघोळीनंतर बाळाला उडवताना ती भान विसरून हसली, आणि तिने ते नवऱ्याजवळ कबूलही केले. इतके सांभाळूनही सातव्या महिन्याच्या सुमारास बाळ गुदगुल्यांनी हसू लागले. धाकट्या भावंडावर त्याने प्रयोग पुन्हा केला, उत्तर तेच. १९४१ मध्ये ल्यूबाने हे प्रसिद्ध केले. दोनच मुले, तीही एकाच घरातली, आणि एरवी ती माणसांचे हसणे ऐकतच होती. एवढ्यावरून फार मोठे बोलता येणार नाही. तरी हे हसू कोणी शिकवावे लागत नाही, असा कौल त्यातून मिळतो.

हॅरिस आणि क्रिस्टनफेल्ड यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला दुसरा प्रयोग तर एखाद्या प्रहसनात शोभेल. ३५ विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितले, की तुमच्या तळपायाला एकदा माणूस गुदगुल्या करील आणि एकदा यंत्र करील. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती. यंत्र होतेही, आवाजही करीत होते. पण ते सोंग होते. झाकलेल्या टेबलाखाली एक साहाय्यक लपून बसली होती आणि दोन्ही वेळी गुदगुल्या तीच करीत होती. ‘यंत्र’ गुदगुल्या करते आहे अशी समजूत असतानाही विद्यार्थी तितकेच हसले, तितकेच वळवळले. म्हणजे समोर प्रेमाचे माणूस आहे, त्याच्याशी खेळ चालू आहे, ही भावना मनात नसली तरी हसू येतेच. ‘हसू म्हणजे खुशी’ या अनुमानाला इथे पहिला तडा जातो. यंत्रावर खूश होऊन कोण हसेल?

स्वतःला गुदगुल्या का करता येत नाहीत, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. तुम्ही स्वतःची काख चाचपून पाहिलीही असेल. याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले आहे. आपण हात हलवतो तेव्हा मेंदू स्नायूंना हुकूम देतो आणि त्या हुकुमाची एक नक्कलही जवळ ठेवतो. नकलेवरून तो आधीच हिशेब मांडतो, की आता अमुक जागी अमुक स्पर्श होणार. आलेला स्पर्श हिशेबाशी जुळला, तर त्याची तीव्रता कमी केली जाते. सारा-जेन ब्लेकमोर, डॅनिएल वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी लंडनमध्ये १९९८ साली दाखवले, की या कामात लहान मेंदूचा, म्हणजे अनुमस्तिष्काचा, हात आहे. त्यांची पुढची युक्ती मोठी सुरेख होती. माणसाने डाव्या हाताने एक दांडा हलवायचा आणि त्यानुसार यंत्रमानवाच्या हातातला मऊ स्पंज त्याच्या उजव्या तळहातावर फिरायचा. स्पर्श ताबडतोब झाला तर काहीच विशेष वाटत नसे. मध्ये एक-दशांश, दोन-दशांश, तीन-दशांश सेकंदाचा विलंब घातला, तसतशी गुदगुली वाढत गेली. स्पर्श स्वतःचाच, पण हिशेब चुकला, म्हणून मेंदूला तो परका वाटू लागला.

एक सूचना मात्र करायला हवी. हा प्रयोग तळहातावरच्या हलक्या गुदगुल्यांचा होता, खदखदा हसवणाऱ्या गुदगुल्यांचा नव्हता. पुष्कळ लेखांत हे दोन्ही एकत्र केलेले आढळतात. दाबाच्या गुदगुल्यांवरचा प्रयोग बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. दुसरा माणूस गुदगुल्या करीत असताना त्याच वेळी स्वतःच्या अंगाला आपला हात लावला, तर हसणे कमी होते, असे त्यांना आढळले. गुदगुल्या सुरू झाल्यापासून सुमारे तीन-दशांश सेकंदात चेहरा आणि श्वास बदलतो आणि सुमारे अर्ध्या सेकंदात आवाज फुटतो, हेही त्यांनी मोजले. अर्धा सेकंद! ‘मला हे आवडते आहे का’ असा विचार करून हसायला एवढा वेळ पुरेल का, हे तुम्हीच सांगा.

आता ॲरिस्टॉटलकडे वळू. हसणारा प्राणी माणूस एकटाच, हे मुळीच खरे नाही. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या पिल्लांना गुदगुल्या केल्या की ती तोंड सैल सोडून धापा टाकल्यासारखा आवाज काढतात. डार्विनलाही हे ठाऊक होते. मरीना डाव्हिला-रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या वानरांचे आणि मानवी बाळांचे गुदगुल्यांचे हसू ध्वनिमुद्रित करून ताडून पाहिले. आवाजांच्या साम्यावरून त्यांनी जी वंशावळ मांडली, ती आनुवंशिक द्रव्यावरून मांडलेल्या वंशावळीशी जुळली. यावरून त्यांनी असा अंदाज केला, की गुदगुल्यांचे हसू आपल्या आणि या वानरांच्या समाईक पूर्वजापासून चालत आले असून त्याला निदान एक कोटी वर्षे झाली असावीत. माणूस बोलू लागला तो याच्या कितीतरी नंतर.

वानर तरी आपले भाऊबंद. पण उंदीर? अमेरिकेत ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीन येथे याक पँकसेप आणि जेफ्री बर्गडॉर्फ हे १९९० नंतरच्या दशकात उंदरांच्या खेळण्याचा अभ्यास करीत होते. वटवाघळांचे आवाज ऐकवणारे यंत्र त्यांनी उंदरांपुढे धरले, तेव्हा खेळणारे उंदीर सेकंदाला सुमारे ५०,००० कंपनांचा चिवचिवाट करतात असे आढळले. आपल्या कानाची मर्यादा सुमारे २०,००० कंपनांची, म्हणून तो आपल्याला ऐकू येत नाही. पँकसेपने उंदराच्या पिल्लांना हाताने गुदगुल्या केल्या, आणि हाच चिवचिवाट जोराने सुरू झाला.

याला उंदराचे ‘हसू’ म्हणावे का, यावर पुष्कळ वाद झाले. वादातला मुद्दा तोच होता, जो मी तुमच्यापुढे मांडतो आहे: आवाज निघाला एवढ्यावरून आनंद झाला असे कसे म्हणता? पँकसेप आणि बर्गडॉर्फ यांनी जे उत्तर दिले, ते मला या साऱ्या कहाणीत सर्वांत मोलाचे वाटते. त्यांनी नुसता चिवचिवाट मोजला नाही. त्यांनी हात काढून घेतला आणि पिल्लू काय करते ते पाहिले. पिल्ले हाताच्या मागे धावत आली. जिथे गुदगुल्या मिळाल्या त्या जागी ती पुन्हा पुन्हा जाऊ लागली. उंदराला बोलता येत नाही, त्याला ‘आवडले का?’ असे विचारता येत नाही. पण त्याला पळून जाण्याची मोकळीक द्या आणि तो पळतो की परत येतो हे पाहा, म्हणजे उत्तर मिळते. सगळी पिल्ले सारखी नसतात, काही थोडेच चिवचिवतात, हेही लक्षात आले.

बर्लिनच्याच शिंपेई इशियामा आणि मिखाएल ब्रेख्त यांनी २०१६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. उंदराला उंच, उघड्या फळीवर झगझगीत प्रकाशात ठेवले, म्हणजे तो भेदरतो. अशा वेळी गुदगुल्या केल्या तर चिवचिवाट कमी होतो आणि मेंदूतल्या संबंधित पेशींची हालचालही मंदावते. परक्या माणसाच्या हाती मूल किंचाळते, हे डार्विनचे म्हणणे इथे खरे ठरते. पण याच संशोधकांनी मेंदूच्या त्याच भागाला विजेचा अगदी सौम्य झटका दिला, तेव्हा कोणी हातही न लावता उंदीर चिवचिवला. कुलूप मनःस्थितीचे आहे खरे. पण ते एकदा उघडले, की आतले यंत्र आपल्या आपण चालते, असे मी यावरून समजतो.

माणसांच्या चेहऱ्याचा पुरावाही याच बाजूचा आहे. हॅरिस आणि नॅन्सी अल्वाराडो यांनी २००५ मध्ये विनोद ऐकणारे, गुदगुल्या होणारे आणि बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवून वेदना सोसणारे चेहरे यांची तुलना केली. गुदगुल्यांच्या चेहऱ्यावर आनंदाचे स्मित होते. त्याच्याच जोडीला वेदनेच्या वेळी दिसणाऱ्या खुणाही होत्या. विनोदाच्या चेहऱ्यावर अशी सरमिसळ नव्हती.

मग निसर्गाने असली चमत्कारिक गोष्ट का ठेवली असावी? काहींच्या मते ही लुटुपुटीच्या लढाईची तालीम आहे. मान, बरगड्या, पोट, कुशी या मारामारीत जपाव्या लागणाऱ्या जागा. तिथेच गुदगुल्या होतात आणि मूल त्या जागा झाकायला शिकते. मग तळपायाचे काय? तळपायावर वार करणारा शत्रू मी अजून ऐकलेला नाही. म्हणून हे स्पष्टीकरण मला अर्धेच पटते. हॅरिसने त्यात घातलेली भर मात्र विचार करण्यासारखी आहे. गुदगुल्या होणाऱ्याचे अंग सुटू पाहते आणि त्याचा चेहरा हसतो. अंग सुटण्याचा सराव करते, तर हसरा चेहरा समोरच्याला सांगतो, ‘चालू दे, हा खेळच आहे.’ चेहरा रागीट झाला असता तर खेळ तिथेच संपला असता आणि सरावही बुडाला असता.

हे खरे असेल तर ते हसू आतल्या मनाची बातमी देण्यासाठी नाहीच. ते समोरच्याला थांबू न देण्यासाठी आहे. आणि म्हणूनच, ज्याला खरोखर थांबायला हवे आहे त्याचा ते घात करते.

यात श्वासाचीही एक अडचण आहे. आपण बोलतो तो श्वास बाहेर सोडताना. माणसाचे हसूही बाहेर जाणाऱ्या श्वासाचे तुकडे पाडूनच तयार होते. चिंपांझी श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा आवाज काढतो. आपले तसे नाही. खदखदा हसणाऱ्याच्या छातीत ‘पुरे, आता थांबा’ एवढे वाक्य नीट उच्चारायला हवाच उरत नाही. तुमच्या हाताखाली हसणारे मूल ‘नको’ म्हणत नसेल, तर त्याला म्हणायचे नाही असे नव्हे. त्याला ते म्हणता येत नसेल.

‘काय हो, घरातल्या साध्या खेळाचा एवढा कीस कशाला काढता?’ असे काही वाचक म्हणतील. खेळाशी माझे भांडण नाही. आजी नातवाच्या हातावरून दोन बोटे चालवत काखेकडे नेते आणि बोटे कोपरापाशी असतानाच नातू हसू लागतो. हा खेळ चांगलाच आहे. बोटे खाली गेली की तो आपणहून हात पुढे करतो, म्हणजे उंदराच्या पिल्लाने दिले तेच उत्तर तोही देतो. माझे भांडण आहे ते हसण्यालाच परवानगी समजणाऱ्यांशी. मधल्या सुट्टीत चार दांडगी मुले एका लहानखुऱ्या मुलाला बाकावर दाबून धरतात आणि गुदगुल्या करतात. त्याचा जीव मेटाकुटीला येतो. शिक्षक दारावरून जातात, हसण्याचा आवाज ऐकतात आणि खेळ चालला आहे असे समजून पुढे जातात. नंतर तो मुलगा तक्रार घेऊन गेला तर त्याला काय ऐकावे लागते? “तू तर हसत होतास!” त्याच्याविरुद्ध त्याचेच तोंड साक्षीला उभे राहते. शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे, की ही साक्ष ग्राह्य धरू नये. तिची किंमत किती आहे ते वर सांगितलेल्या प्रयोगांवरून दिसते.

या विषयात अजून पुष्कळ काम व्हायचे आहे. कोन्स्तान्तिना किल्टेनी या संशोधिकेने २०२५ मध्ये एका लेखात दाखवून दिले, की दाबाच्या गुदगुल्यांवरचे प्रयोग थोडे आहेत आणि प्रत्येकाने गुदगुल्या वेगळ्या रीतीने केल्या आहेत: कोणी हाताने, कोणी कुंचल्याने. मग निष्कर्षांची तुलना कशी करणार? म्हणून नेदरलँड्समधील रॅडबौड विद्यापीठातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत एक खास खुर्ची आहे. तिच्या फळीला दोन भोके आहेत, त्यांतून पाय घालायचे आणि यांत्रिक दांडी प्रत्येकाच्या तळपायाला ठरावीक वेगाने, ठरावीक दाबाने गुदगुल्या करते. त्या वेळी मेंदूची हालचाल, हृदयाचे ठोके, श्वास, घाम यांची नोंद होते.

तुमच्याजवळ अशी खुर्ची नाही, पण वही आहे आणि बहुतेकांच्या घरी एखादे धाकटे भावंडही आहे. आठवडाभर रोज एकदा, त्याला आधी विचारून आणि तो हो म्हणाला तरच, पाच सेकंद गुदगुल्या करा आणि थांबा. दोन्ही हात त्याला दिसतील असे पुढे मोकळे धरा, त्याला अडवून ठेवू नका, आणि मनात दहा अंक मोजा. तो हातांकडे आला, जागीच राहिला की दूर गेला, हे एका रकान्यात लिहा. किती जोराने हसला होता, ते दुसऱ्या रकान्यात. सात दिवसांनी दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहा. मग अदलाबदल करा: गुदगुल्या त्याने करायच्या आणि तुम्ही त्याच्या हातावर आपला हात ठेवायचा, म्हणजे बर्लिनच्या प्रयोगासारखे काही घडते का ते कळेल. ज्या दिवशी तो ‘आज नको’ म्हणेल, त्या दिवशी रकाना कोरा न ठेवता ‘नको म्हणाला’ असे लिहा; ती सुद्धा नोंदच आहे. प्रयोगासाठी जेवणानंतरची वेळ तेवढी टाळा. भरल्या पोटी काय होते, हे आईने आधीच पुष्कळदा पाहिलेले असते.